ह्यांना बरं वाटू लागलं तेव्हा

१८ फेब्रुवारी १९५६

आज ह्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मी वाढला आणि आत जाऊन उगाच डब्यांची झाकणं लावत उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मामंजींना ते दिसायला नको होतं.

दिवाळीपासून ह्या घरात कुणी मोकळं बोललेलं नाही. हे दफ्तरातून रजा घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून असत. हे सरकारी नकाशे काढतात. ह्यांच्यासारखी बारीक रेघ अख्ख्या ग्वाल्हेरात कुणाची नाही, असं ह्यांचे साहेब दौलतसिंह म्हणतात. तेच हे मला म्हणाले होते, "रेघ कुठे थांबवायची ते कळेनासं झालंय गं." वैद्य झाले, देवीची ओटी भरून झाली. मामंजींचं एकच, "संस्थानची फौज मोडली तेव्हा आम्ही एवढे शिपाई घरी बसलो, पण कुणी अंथरूण धरलं नाही." ते ह्यांना ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणत.

आज हे आपणहून उठले. दाढी केली. मधुची वेणी घालायला बसले आणि तिला इतकी वाकडी घातली की ती आरशात बघून हसत सुटली. आठ वर्षांची पोर, पण गेले तीन महिने पाय न वाजवता चालायला शिकली होती.

हे कुणाला सांगावं तर आई राहिली नाही. म्हणून लिहून ठेवते.

२ मार्च

दफ्तरात रुजू झाले. पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी उठतात, आंघोळ उरकून किल्ल्याच्या वाटेवर चक्कर मारून येतात आणि येताना जिलेबी आणतात. चेहरा कसा धुतल्यासारखा दिसतो. काल मी नळावर होते तर गल्लीच्या टोकावरून मला नावानं हाक मारली. "शामला!" लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी चारचौघांत माझं नाव कधी घेतलं नव्हतं. शेजारच्या मंदाताईंनी पदर तोंडावर घेतला. मी वर बघितलंच नाही, पण खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

१४ मार्च

आज घरात टोप्याच टोप्या. हे टोपी बाजारातून तांगा भरून टोप्या घेऊन आले, काळ्या मखमलीच्या, आणि आमच्या छावणी मोहल्ल्यात दारोदार जाऊन वाटल्या. म्हणाले, "आता मध्यभारत राहणार नाही. सगळी दफ्तरं भोपाळला जाणार. भोपाळवाल्यांनी लांबूनच ओळखलं पाहिजे, ग्वाल्हेरची माणसं आली." सरबतवाल्याला एक, तांगेवाल्याला एक, तांग्याच्या घोड्यालासुद्धा एक. पोरं मागून ओरडत होती आणि हे सगळ्यांत पुढे.

टोप्यांच्या पैशांसाठी माझ्या बांगड्या मागितल्या तेव्हा मी दोन काढून दिल्या. परत आणून देईन म्हणाले. मनात थोडं टोचलं. पण ज्या माणसाला गेल्या महिन्यात पाण्याचा पेला उचलवत नव्हता, त्याला आज नाही कसं म्हणू?

मामंजींनी टोपी घेतली नाही. ओट्यावर बसून होते. मी म्हटलं, "मामंजी, किती दिवसांनी हे आनंदात आहेत." ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ जयसिंहराव, तोही असाच दिलदार होता. स्वतःचा घोडा खोगिरासकट वाटेवरच्या माणसाला देऊन पायी घरी आला होता. हसत हसत." मी म्हटलं, घराण्यातच मोठं मन आहे म्हणायचं. ते उठून आत गेले. वय झालंय, आठवणींनी जीव कष्टी होत असेल.

२२ मार्च

ह्यांनी भिंतींवर कागद चिकटवलेत. एका नव्या शहराचा नकाशा आहे. मुरारपासून लष्करपर्यंत, ग्वाल्हेरच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच राजधानी, मधून कालवा, कालव्यावर बावीस पूल. म्हणतात, दिल्लीहून बोलावणं येणार आहे, ग्वाल्हेरच राजधानी होणार आणि ती बांधायचं काम आपल्याला दिलेलं आहे. "कुणी दिलं?" मी विचारलं. "दिलं म्हणजे दिलं. पूल, मूल, धूल, फूल. ऐक, सगळं जुळतंय." आणि हसले. मीही हसले. बोलणं इतकं भरभर चालतं की मला अर्धं समजत नाही. एक धरावं तर हे तिसऱ्यावर गेलेले असतात. जेवायला बसतात आणि दोन घासांत उठतात. झोपतात कधी, ठाऊक नाही. मी उठते तेव्हा हे कामात असतात आणि दमलेले मुळीच दिसत नाहीत.

मंदाताई जनाना इस्पितळात नर्स आहेत. त्या म्हणाल्या, "शामला, ह्यांना एकदा डॉक्टरांना दाखव." मी म्हटलं, आजारी होते तेव्हा दाखवलं, आता कशाला?

त्यांचा मला जरा रागच आला. दुसऱ्याचं चांगलं झालेलं काहींना बघवत नाही.

२९ मार्च

होळीनंतर आज दफ्तर उघडलं. दुपारी दौलतसिंह साहेब स्वतः ह्यांना तांग्यात घालून घरी घेऊन आले. बड्या इंजिनियरसाहेबांच्या बैठकीत हे न बोलावता शिरले. टेबलावर नकाशा पसरला आणि सगळ्यांना हुकूम द्यायला लागले. साहेबांनी बाहेर जायला सांगितलं तर म्हणाले, "आपको कल से छुट्टी. मैंने दे दी." मग टेबलावर उभे राहून गायले.

दौलतसिंह दारात जोडे न काढताच उभे होते. मला म्हणाले, "बहनजी, इनके जैसा हाथ मेरे पास दूसरा नहीं है. लेकिन ये महिपतराव, वो महिपतराव नहीं हैं." नजर खाली होती त्यांची.

हे आत मधुला उचलून गोल गोल फिरवत होते. ती आता हसत नव्हती.

९ एप्रिल

चौकातल्या डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं आहे. हे झोपतात, उठतात, परत झोपतात. मामंजींनी सगळ्यांना सांगितलंय की कामाचा ताण पडला. तसंच असेल. माणूस किती धावणार!

१७ जून

उन्हाळ्याची लू, तो भाजणारा वारा, सुटली आहे. दारं-खिडक्या बंद. हे परत भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. ह्यांनी फाडून टाकण्याआधी मी भिंतीवरचे कागद काढून ठेवले. आज एवढंच म्हणाले, "त्या टोप्या लोकांनी ठेवल्या असतील का?" मी म्हटलं, ठेवल्यात, सगळे घालतात. खरं तर कुणी घालत नाही.

३० ऑगस्ट

हे दफ्तरात जायला लागले. पूर्वीसारखे. शांत, कमी बोलणारे, वेळेवर जेवणारे. दौलतसिंहांनी सांभाळून घेतलं. गेल्या वर्षी एक दुखणं आलं होतं, ते गेलं, असं मी धरून चालले आहे. मधलं ते हसणं-खेळणं मी दुखण्यात धरत नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळीच्या ऐन दिवसांत नवं राज्य झालं. मध्यभारत संपला. मामंजी म्हणाले, "आधी संस्थान गेलं, मग मध्यभारत. आता आणखी काय जायचं राहिलं?" ह्यांचा भोपाळला तबादला झाला. तिथे सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत मी आणि मधु इथेच. आज स्टेशनवर सामानात तिपाई, पट्ट्या, शाईच्या बाटल्या. कितीतरी बायका तशाच उभ्या होत्या. सगळं शहरच कुणाला तरी सोडायला आलं होतं. गाडी हलली तेव्हा हे म्हणाले, "मधुचा अभ्यास घेत जा." बास.

१९ जानेवारी १९५७

दौलतसिंह भोपाळला जाऊन ह्यांना घेऊन आले. ह्यांनी वरच्या साहेबांवर दौत फेकली.

मी आरती घेऊन दारात गेले तर हे ओरडले, "तमाशा बंद कर." असा आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे लाल, जबडा घट्ट. एका जागी बसत नाहीत. गल्लीतला भंगारवाला ओरडला तरी अंगावर धावून जातात. म्हणतात, भोपाळच्या लोकांनी नकाशे बदलले, ह्यांच्या रेघा पुसल्या, त्यांची माणसं इथपर्यंत आली आहेत. मला विचारलं, "तुला त्यांनी काय दिलं?"

ह्यात आनंदाचा लवलेश नाही. मार्चमधला माणूस आणि हा माणूस ह्यांच्यात काही म्हणता काही सारखं नाही. मामंजी म्हणतात, "अपमान झालाय त्याचा. परक्या गावात सगळे परके. पुरुषाला राग येतो." मलाही तेच वाटतं. भोपाळनं ह्यांचा स्वभाव बिघडवला.

२७ जानेवारी

आज मामंजींनी वाढलेलं ताट ह्यांनी अंगणात भिरकावलं. म्हणाले, विष आहे. मामंजी भात गोळा करत होते. आयुष्यभर दुसऱ्याला हुकूम देणारा माणूस, ओणवा होऊन अंगणातली शितं वेचत होता. मी ते बघू शकले नाही.

मधुला मंदाताईंकडे ठेवलं आहे.

२ फेब्रुवारी

मामंजींना न सांगता गेले. मंदाताई बरोबर होत्या. डॉ. रमाकांत पोतनीस आमच्यापैकीच, घरात मराठी बोलणारे. शहराबाहेरच्या मानसिक रुग्णालयात काम करतात. ज्याला सगळे पागलखाना म्हणतात, तिथे. घरी त्यांची बायको भाजी निवडत होती. तिनं मला चहा दिला, म्हणून मला बसता आलं.

डॉक्टरांनी विचारलं, झोप? मी म्हटलं, जवळजवळ नाही. बोलणं? भरभर, एकातून दुसरं, सगळं रागाचं. संशय? हो. मग म्हणाले, "ह्यापूर्वी असं कधी झालं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "मागच्या वर्षी आधी फार उदास होते, भिंतीकडे तोंड करून पडून असत. मग खूप आनंदात होते. मग पुन्हा उदास."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "आनंदात म्हणजे किती, वहिनी?"

मी सांगायला लागले. पहाटेची चक्कर, टोप्या, घोड्याची टोपी, राजधानी, बावीस पूल, पूल-मूल-धूल. सांगताना मला हसू येत होतं. त्यांना येत नव्हतं. शेवटी मलाही यायचं थांबलं.

ते म्हणाले, "तो आणि हा, दोन्ही उन्माद. आजार एकच. कुणाला तो हसवतो. माणूस राजा होतो, सगळ्यांवर प्रेम करतो. हा प्रकार घरच्यांना ओळखताच येत नाही. ते म्हणतात, सुधारला. कुणाला तोच आजार चिडवतो. तेव्हा घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. पण खाली बघा. झोप लागत नाही आणि दमणूकही नाही. विचार पळताहेत, बोलणं थांबत नाही. आपल्यावर काही मोठं सोपवलंय असं वाटतं, नाहीतर आपल्यामागे काही मोठं लागलंय असं वाटतं. दोन्हींत आपण जगाच्या मधोमध. आणि ते भिंतीकडे तोंड करून पडणं हे त्याच आजाराचं दुसरं टोक."

मला राग आला. मी म्हटलं, "डॉक्टर, माणसाचं हसणं कसा आजार असेल?"

"सगळं हसणं नाही," ते म्हणाले. "म्हणूनच अवघड आहे."

मग म्हणाले, तिसरंही एक रूप असतं, मिश्र. त्यात मन उदासीत बुडालेलं आणि अंगात उन्मादाचं वारं, एकाच वेळी. "उदास माणसाला मरावंसं वाटलं तरी उठायचं बळ नसतं. ह्या रूपात बळ असतं. त्याची मला सगळ्यांत भीती वाटते. ह्यांना आजच आणा." मॅजिस्ट्रेटसमोर घरच्यांनी अर्ज द्यायचा असतो, बायकोनं किंवा बापानं.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "ह्या घरातला माणूस पागलखान्यात जाणार नाही. मधुचं लग्न व्हायचंय." आणि जपमाळ घेऊन बसले.

मीही मनात म्हटलं, डॉक्टरांना काय कळतं. त्यांनी ह्यांना पाहिलं तरी आहे का? मार्चमधले हे मी पाहिलेत. ते मी कुणालाही आजार म्हणू देणार नाही.

८ फेब्रुवारी

राग कमी झाला आहे. आज मला म्हणाले, "मी तुझ्यावर फार ओरडलो." मला वाटलंच होतं, आपोआप निवळेल. मात्र बसत नाहीत. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतात. चालता चालता रडतात. रडताना बोलतात, बोलताना मध्येच एखादी गंमत सांगतात, आणि गाल ओले असतात. हात चोळून चोळून सालटी निघाली. मला म्हणाले, "डोक्यात सगळं एकदम चाललंय गं. बंद करा ना कुणीतरी."

११ फेब्रुवारी

लिहायला हवं, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. हे कठड्यावर उभे होते. खाली मागच्या बाजूला दगडी फरशी आहे. ह्यांचा चेहरा रडून सुजला होता आणि तरी पाय थरथरत नव्हते. म्हणाले, "शामला, तू खाली जा. तू बघू नकोस. मी तुम्हा सगळ्यांचा नकाशा बिघडवला."

ओला कपडा हातात तसाच. मी पुढे गेले तर हे मागे सरकतील अशी भीती.

मामंजी जिना कधी चढून आले मला कळलं नाही. गुडघ्यांमुळे ते दोन वर्षांत वर आले नव्हते. सरळ चालत गेले, दोन्ही हातांनी मुलाची कंबर धरली आणि मागच्या मागे गच्चीवर पडले. दोघंही पडले. हे सुटायची धडपड करत होते, "सोडा आबा, सोडा," आणि मामंजी कपाळातून रक्त येत असताना हात सोडत नव्हते. मी जाऊन ह्यांच्या पायांवर बसले. मंदाताई आणि त्यांचे यजमान धावून येईपर्यंत आम्ही तिघं तसेच.

नंतर मंदाताईंनी ह्यांना सुई दिली, हे झोपले. मामंजी जिन्याच्या पायरीवर बसून होते. मी जखम पुसली. तेव्हा म्हणाले,

"सूनबाई, जयसिंहराव पाय घसरून विहिरीत पडला नव्हता. आमच्या घरात तसं सांगतात."

मी कापूस धरून उभी.

"घोडा दिला त्या वर्षी आम्ही त्याला डोक्यावर घेतला होता. पुढच्या साली त्यानं वडिलांवर तलवार काढली. आणि शेवटचे दिवस तो असाच चालायचा, रडत, हात चोळत. मी धाकटा. मला त्याच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. त्या दिवशी तो मला म्हणाला, पाणी आण. मी आणायला गेलो."

थोड्या वेळानं म्हणाले, "टोप्या आल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. डॉक्टरला उद्या बोलाव. अर्जावर मी पण सही करतो."

१२ फेब्रुवारी

कचेरीत दोघांच्या सह्या झाल्या. माझी सही वाकडी आली, कारकुनानं दुसऱ्यांदा करायला लावली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "आप अपनी मर्ज़ी से दे रही हैं?" मी म्हटलं, हो.

रुग्णालयाच्या फाटकात ह्यांनी माझा हात धरला. "मी गडबड करणार नाही. घरी ने." दोन वॉर्डबॉय आले. हे मागे वळून बघत गेले. मामंजी फाटकाशी ताठ उभे राहिले, पलटणीत राहत असतील तसे. तांग्यात बसल्यावर त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं.

५ मार्च

विजेचे झटके देतात. बाहेर बसून मी ऐकू येईल म्हणून कान झाकले, पण काही आवाज आला नाही. नव्या गोळ्याही सुरू आहेत, परदेशातून आलेल्या. हे ओळखतात, पण काही गोष्टी विसरलेत. मधु कितवीत आहे ते विचारलं. जीभ जड झाली आहे. माझ्याशी बोलले नाहीत, मामंजींशी बोलले.

डॉक्टर म्हणाले, "रागावू द्या. राग यायला माणूस जिवंत लागतो."

२४ मार्च

शांताताई, माझी नणंद, झाशीहून आली. वॉर्डात ह्यांना बघून आली आणि मला म्हणाली, "वहिनी, माझ्या दादाला तू तिथे टाकलंस." मी काही बोलण्याआधी मामंजी म्हणाले, "मी टाकलं. मला बोल." संध्याकाळी आम्ही दोघी पोळ्या करत होतो. ती लाटत होती आणि रडत होती.

१३ जुलै

हे घरी आले.

बारीक झालेत. मधु दारामागे लपली, मग हळूहळू आली. हे खाली बसले आणि तिच्या उंचीला आले. "किती वाढलीस," म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, पापा घ्या ना," आणि गाल पुढे केला. ह्यांनी घेतला.

भोपाळची जागा गेली. दौलतसिंहांनी इथे मागे राहिलेल्या दफ्तरात खटपट करून एक टेबल मिळवून दिलं. जुन्या संस्थानी गावांचे फाटलेले नकाशे नव्यानं उतरवून काढायचे. ऑगस्टपासून.

२० ऑक्टोबर

आज भांडण झालं. खरं तर मोठं नाही.

मधुनं शाळेतल्या बाईंची नक्कल केली आणि हे खळखळून हसले. मी पोळी तव्यावर टाकून ह्यांच्याकडे बघायला लागले. हसणं कधी थांबतं ते बघत होते. डोळे बघत होते. सकाळी किती वाजता उठले ते आठवत होते. पोळी जळली.

हे म्हणाले, "माझ्या हसण्याकडे असं बघू नकोस."

मी म्हटलं, "मी नाही बघत."

"बघतेस. आबा बघतात. दफ्तरात दौलतसिंहही बघतात. मी शिंकलो तरी तुम्ही एकमेकांकडे बघता. मी काय कायम अर्ध्या आवाजात राहू?"

मधु ताट घेऊन आत गेली.

मग हेच म्हणाले, "मला आतून कळत नाही गं. रागाच्या वेळी वाटतं, जग चुकतंय. आणि त्या आधीच्या वेळी..." थांबले. "त्या वेळी वाटतं की आता कुठे मी खरा झालो. तसा माणूस स्वतः डॉक्टरकडे कसा जाईल?"

शेवटी ह्यांनी शब्द दिला. मी 'चला' म्हटलं की वाद न घालता यायचं. मी म्हटलं, आणि मी उगाच म्हणणार नाही. नुसत्या हसण्यावर तर नाहीच. झोप गेली आणि दमणूकही गेली, तरच.

९ फेब्रुवारी १९५८

तीन दिवस मनात धरून होते. शेवटी आज म्हटलं.

हे पहाटे उठताहेत. काल दफ्तरातून आले ते गुणगुणत आले. रात्रीचं जेवण अर्धं सोडून नकाशा काढायला बसले. फार सुंदर काढला. चंबळेच्या काठची गावं, एकेक वळण असं की बघत राहावं. मी पाठीमागे उभी होते. कितीतरी दिवसांनी ह्यांचा हात असा चालताना पाहिला. मनात आलं, आणखी एक दिवस राहू दे. परवा मनात हेच आलं होतं.

सकाळी अंथरूण बघितलं तर चादर मोडलेली नव्हती. हे ओट्यावर मामंजींना काहीतरी सांगत होते, भरभर, आणि मामंजी माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "चला."

हे पहिल्यांदा हसलेच. "अगं, मी ठणठणीत आहे. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणूनच."

चेहरा बदलला. "तू मला पुन्हा तिथे टाकणार." मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. नुसती उभी राहिले. ह्यांनी खुंटीवरचा कोट ओढला, खाली टाकला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग कोट उचलला, झटकला, आणि जोडे घालायला ओट्यावर बसले. बंद बांधायला फार वेळ लावला.

डॉ. पोतनीसांनी बराच वेळ बोलून घेतलं. म्हणाले, सुरुवात आहे, पण लवकर आलात. भरती व्हायला नको. गोळ्या वाढवल्या. रोज एक चक्कर इथे मारायची.

बाहेर आल्यावर हे व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं रागावले असतील. पण रडत होते, आवाज न करता.

"आजारच होता ना तो," म्हणाले. "काल रेघ कशी आपोआप जात होती. आता गोळ्या घेतल्या की हात पुन्हा जड होणार. तेवढं बरं वाटत होतं, शामला."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मी ह्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "मलाही तो माणूस आवडायचा."

हे माझ्याकडे बघत राहिले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, इथेही सरळ लिहिलं नव्हतं.

"मग आज कशाला आणलंस?"

"तुम्ही पण आवडता म्हणून."

तांगेवाला फाटकाशी वाट बघत होता. थोड्या वेळानं उठले, मला उठायला हात दिला. घरी येऊन गोळी घेतली आणि दुपारी झोपले. आता संध्याकाळ झाली तरी झोपलेत. मामंजींनी मधुला अंगणात खेळू दिलं नाही, ओट्यावर घेऊन गोष्ट सांगत आहेत, हळू आवाजात. मी मधून मधून जाऊन ह्यांचा श्वास बघून येते.